जड माणसांनी डावीकडे बसावं

तिरपेरावांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. धक्क्यावर, बाजारात, पलीकडच्या काठावर आणि खुद्द सासुरवाडीतही त्यांना सगळे तिरपेरावच म्हणत. नवीन माणसाला ते स्वतःच तसं सांगून टाकत. मागाहून कुणी कुजबुजण्यापेक्षा ते बरं.

नाव पडलं ते लाँचमुळं. तिरपेराव नदीवरची उतारूंची लाँच चालवत. अलीकडे बाजार, दवाखाना, शाळा आणि कचेऱ्या. पलीकडे सातशे माणसं आणि त्यांची सातशे गाऱ्हाणी. रस्त्यानं वळसा घालून यायचं तर तीन तास मोडत, लाँचनं वीस मिनिटं. लाँच जुनी, पण हाडापेरानं दणकट, आणि दोन इंजिनांची. एक उजव्या अंगाला, एक डाव्या. दोघांना आपापला दांडा आणि दांड्याच्या टोकाला पाण्यात आपापला पंखा. जोडीनं चालली की लाँच अशी सरळ जायची की तिरपेराव एका हातात चहाचा पेला धरून नदी पार करायचे, आणि थेंब सांडायचा नाही. तेव्हा अर्थात ते तिरपेराव नव्हते.

तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी डाव्या इंजिनानं काळा धूर ओकला, दोन उचक्या दिल्या आणि मान टाकली. वर्कशॉपची माणसं आली, फळ्या उचकटल्या, साखळीनं इंजिन वर ओढलं आणि ट्रॉलीवर घालून घेऊन गेली. जाताना फोरमन म्हणाला, "आठ दिवस. फार तर दहा."

"माहेरपणाला निघालीय म्हणा की डावी," खलाशी म्हणाला.

या खलाशाला लोक रेडिओ म्हणत. सकाळच्या पहिल्या फेरीला जी गोष्ट त्याच्या कानात पडे, ती दुपारपर्यंत तिखटमीठ लावून दोन्ही काठांवर पोचलेली असे. डावी माहेरी गेली, हे त्यानंच पसरवलं. आठ दिवसांचे आठ महिने झाले तेव्हा 'आता सासरी नांदायचं नाही म्हणते' हेही त्यानंच पसरवलं. पुढं कुणी म्हणे ती धक्क्यावरच्या साहेबांच्या मेव्हण्याच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला लागली, कुणी म्हणे एका विहिरीवर पाणी ओढतेय. एकानं तर तिला लग्नाच्या वरातीत दिव्यांना वीज पुरवताना पाहिलं होतं. पाहणाऱ्याचा चष्मा त्या दिवशी दुरुस्तीला होता, हा भाग वेगळा.

इकडे लाँच एका इंजिनावर चालली होती. एका बाजूनंच वल्हं मारलं तर होडी गोल फिरते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. इथं उजवा पंखा ढकलायचा आणि लाँचचं नाक डावीकडे जायचं. ते सरळ ठेवायचं तर सुकाणूचं चाक सदोदित उजवीकडे ओढून धरायला हवं. त्यात दुष्काळात तेरावा महिना असा, की डावीकडचं इंजिन निघाल्यामुळं तिथं पोकळी पडली होती. वजन सगळं उजव्या अंगाला. लाँच उजवीकडे कलायची, आणि उजवीकडे कलली की तिचं नाक आणखी जोरात डावीकडे पळायचं. ओढून धर, नाहीतर गिरकी घे, दुसरा धंदा नाही.

आधी त्या रिकाम्या जागेत वाळूची पोती टाकली. पोती भिजली, फुटली, वाळू तळाच्या पंपात गेली आणि पंप बसला. मग पाण्याची पिंपं ठेवली. पिंपांतलं पाणी लाँचपेक्षा जास्त हेलकावे खाऊ लागलं आणि उतारू ओकू लागले. दगड टाकायचे म्हटलं तर तिरपेराव आडवे आले. "तळ फुटला तर तुम्ही येणार का बोटानं भोक बुजवायला?" असं त्यांनी साहेबांना विचारलं, म्हणजे मनात विचारलं, तोंडानं ते "दगड नकोत साहेब" एवढंच म्हणाले.

तोड सापडली ती बेकरीवाल्या मावशींमुळं. मावशी पलीकडच्या. बेकरी त्यांची आणि अंगकाठीही बेकरीला शोभेल अशी. एकदा त्या मैद्याची दोन पोती घेऊन धापा टाकत आल्या आणि डाव्या बाकावर टेकल्या. तिरपेरावांच्या हातातलं चाक लोण्यासारखं मऊ पडलं. त्यांनी मागं वळून पाहिलं, मावशींकडे पाहिलं, पुन्हा चाकाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हात जोडून सांगितलं, "मावशी, रोज इथंच बसत जा. ही जागा तुमची."

तेव्हापासून रिवाजच पडला. फळीवर खडूनं लिहिलं होतं: जड माणसांनी डावीकडे बसावं. रेडिओ शिडीशी उभा राहून येणाऱ्याला नजरेनं तोली. "सर, डावीकडे. नर्सबाई, तुम्ही उजवीकडे, तुमचं काय वजन! काका, तुम्ही मधे, तुमचं काही नक्की नाही." यावरून रुसवेफुगवे झाले नसते तरच नवल. शिंपीणबाईंना पहिल्या दिवशी डावीकडे पाठवलं तर त्या फणकारल्या, "म्हणजे मी जाडी?" आणि सहा आठवडे हट्टानं उजवीकडे बसल्या. पुढं डाव्या बाकावरच्यांना मान मिळतो, मावशी तिथं गरम पाव वाटतात, हे दिसल्यावर आपल्याला कुणी बोलवत नाही म्हणून पुन्हा रुसल्या. गणिताच्या सरांनी तर वहीच घातली. कोण कुठं बसला म्हणजे लाँच किती सरळ जाते, याची त्यांनी आकृती काढली होती आणि ती ते सहावीच्या पोरांना शिकवत.

घरी तिरपेरावांच्या बायकोला हे सगळं रेडिओकडून पोचतच होतं. "नवरा माझा," ती शेजारणीला म्हणाली, "आणि वजनं मोजतो गावच्या बायांची."

लोक हसत, पाव खात आणि नदी पार करत. पण भरलेल्या फेऱ्या दिवसातून दोन, सकाळची आणि संध्याकाळची. मधल्या दहा फेऱ्यांना मोजून सहा-सात माणसं, त्यातली निम्मी काटकुळी. त्या फेऱ्यांना वजन म्हणजे तिरपेरावांचा उजवा खांदा.

तीन वर्षं चाक उजव्या हातानं खाली ओढून धरायचं, रोज, तासन् तास. चाकाला दोरी बांधून पाहिली होती. समोरून मासेमाराची होडी आली आणि दोरी सुटेपर्यंत दोघांचे प्राण कंठाशी आले. ते सोडून दिलं. खांदा उतरला. शिंपी मापं घेताना उजवी बाजू दोन बोटं खाली धरू लागला. जमिनीवर चालतानाही ते नकळत उजवीकडे ओढत जात; बाजारात बायको त्यांच्या उजव्या अंगानं चाले आणि कोपरानं त्यांना सरळ ठेवी. गाव हसलं आणि नाव पडलं. मग एक दिवस हात डोक्यापर्यंत जाईना. भांग बायको पाडू लागली, सदऱ्याची बटणंही तीच लावू लागली. डॉक्टरांनी हात वर केला, खाली केला, मागं नेला. तिरपेरावांनी दात आवळले.

"सहा महिने आराम," डॉक्टर म्हणाले.

"आणि नाही केला तर?"

"तर आराम कायमचाच आहे. हा हात लटकता राहील."

लाँचवाल्याचा हात गेला म्हणजे त्याला तिकिटं फाडायला बसवतात, तेही साहेबांची मर्जी असेल तर. आणि तिकिटं फाडायलाही दोन हात लागतात. बायकोनं त्यांना उजव्या अंगानं धरून घरी आणलं. घरात आल्यावर म्हणाली, "मागा की ते दुसरं इंजिन. का तेही मीच जाऊन मागू?"

तिरपेराव साहेबांकडे गेले. धक्क्यावरचे साहेब म्हणजे काचेमागं बसणारा, कपाळाला आठी नसलेला माणूस. सगळ्या आठ्या त्यानं हाताखालच्यांना वाटून टाकल्या होत्या.

"साहेब, डावं इंजिन."

"लाँच चालतेय ना?"

"चालतेय, पण खांदा..."

"वेळेवर चालतेय ना?"

"वेळेवर चालतेय."

"मग?" साहेबांनी हात पसरले. "तीन वर्षांत एक फेरी चुकली नाही. मी वर काय लिहू? चालत नाही असं लिहू?"

 फेरी चुकली नाही ती तिरपेराव चुकले नाहीत म्हणून. मागं एकदा ताप आला तेव्हा दोन दिवसांसाठी म्हणून बदली चालक आला होता. पहिल्याच फेरीला त्यानं नदीच्या मधोमध चार गिरक्या मारल्या आणि उतारूंनी त्याला इतकं ऐकवलं, की दुसऱ्या दिवशी तो आपल्या गावी निघून गेला. तिरपेराव तापातच उठून आले. तेव्हा किनाऱ्यावर टाळ्या पडल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्या गोड लागल्या होत्या.

साहेबांकडून ते तडक वर्कशॉपमध्ये गेले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. कामावरून उसंत नव्हती हे एक, आणि डावी कुठल्या तरी बर्फाच्या कारखान्यात मजेत आहे हे ऐकायला बरं वाटायचं, हे दुसरं. ती कुठंही गेली नव्हती. मागच्या भिंतीशी, गंजलेल्या पिंपांच्या आड, फळकुटावर बसली होती. म्हणजे नुसता सांगाडा. वरचं झाकण नाही, पंप नाही, नळ्या नाहीत. जिथं दट्टे असायचे तिथं पालीनं घर केलं होतं.

"हे कुणी केलं?" तिरपेरावांनी विचारलं.

फोरमन चहा पीत होता. तो स्वभावानं वाईट नव्हता. "कुणी म्हणजे? तुम्हीच."

"मी?"

"उजव्याचा डिझेल पंप गेला तेव्हा चिठ्ठी कुणी पाठवली? 'तातडीनं पाठवा.' दोन दिवसांत मिळाला ना? नळी फुटली, मिळाली. झाकणाला तडा गेला, मिळालं. कुठून आलं वाटलं तुम्हाला? नवे भाग पाच वर्षांत कुणी पाहिलेत इथं?"

तिरपेरावांना त्या चिठ्ठ्या आठवल्या. वर्कशॉप आपल्या शब्दाला मान देतं, असं त्यांनी बायकोला कैकदा ऐकवलं होतं. ते त्या सांगाड्यापाशी उकिडवे बसले. पालीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

फोरमनला दया आली. पेला खाली ठेवून तो जवळ आला. "ऐका. पुढच्या सोमवारी वरून तपासणी आहे. लाँचचा दाखला संपतोय. तपासणारा साहेब स्वतः बसून बघणार. लाँच नापास झाली, ओढते असं त्यानं लिहिलं, की नवं इंजिन द्यावंच लागतं. पलीकडे दुसरी वाट नाही, त्यामुळं बंद करता येत नाही. पण पास झाली, तर कागदावर 'एक इंजिन' पडलं म्हणून समजा. मग ब्रह्मदेव आला तरी दुसरं बसत नाही."

"म्हणजे मी नापास व्हायचं."

"तुम्ही नाही. लाँच. तुम्ही फक्त चाक त्याच्या हातात द्या. बाकी ती सांगेल."

इतकी साधी गोष्ट. कुणाला बोलायची सोय मात्र नव्हती. साहेबांच्या कानावर गेलं असतं तर नोकरीच गेली असती, आणि रेडिओला सांगणं म्हणजे साहेबांच्या कानात ओरडणं. तिरपेरावांनी फक्त बायकोला सांगितलं. ती त्यांच्या खांद्याला गरम पाण्याची पिशवी धरून बसली होती.

"आयुष्यभर पास होण्यासाठी मेलात," ती म्हणाली. "आता एकदा नापास होऊन दाखवा."

"जमेल."

"शाळेत तर जमायचं म्हणे. सासूबाई सांगायच्या."

खूप दिवसांनी दोघं हसले.

सोमवारी सकाळी त्यांनी फळीवरचा खडू पुसून टाकला आणि रेडिओला म्हणाले, "आज कुणाला सांगू नकोस कुठं बसायचं. ज्याला जिथं वाटेल तिथं बसू दे."

रेडिओनं त्यांच्याकडे पाहिलं, पुसलेल्या फळीकडे पाहिलं आणि डोळा मारला. "कळलं, कळलं. तपासणीसाहेबाला कळता कामा नये. आपण काय आजचे आहोत?"

"तसं नाही रे..."

"तुम्ही निर्धास्त राहा. सगळी व्यवस्था झालीय."

व्यवस्था रेडिओनं आदल्या दोन दिवसांत दोन्ही काठांवर केली होती. तिरपेराव धक्क्यावर पाहतात तो काय, पाय ठेवायला जागा नाही. बेकरीवाल्या मावशी आपल्या दोन सख्ख्या बहिणींना घेऊन आल्या होत्या, आणि त्यांच्यापुढं मावशी लेकीसारख्या दिसत होत्या. गणिताचे सर वही घेऊन हजर. शिंपीणबाईंनी नवऱ्याला आणि शिलाई यंत्राला आणलं होतं. आखाड्यातले तिघे पैलवान होते. यातल्या निम्म्या लोकांना पलीकडे काडीचं काम नव्हतं. सगळे गुपचूप, पोरं परीक्षेला बसतात तसे, एकामागून एक डावीकडे जाऊन बसले. उजवा बाक रिकामा. त्यावर एकट्या नर्सबाई.

तिरपेराव लगबगीनं डाव्या बाकाकडे गेले. ते मावशींपाशी वाकले. "मावशी, आज तिकडे बसा. इकडे ऊन येतं."

"येऊ दे ऊन."

"मावशी, खरंच सांगतो, उजवीकडे बसा."

मावशींनी त्यांचा हात हातात घेऊन थोपटला. दुखराच हात. "भाऊ, तीन वर्षं तुम्ही आम्हाला पार केलंत. आज आम्ही तुम्हाला करतो. तुम्ही बोलू नका."

तेवढ्यात तपासणीसाहेब आले. काडीसारखा माणूस, हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद. त्यांना बसवायचं कुठं, यावर सर आणि रेडिओ यांच्यात खाणाखुणा झाल्या आणि त्यांचं वजन दखल घेण्याजोगं नाही असं ठरलं.

लाँच निघाली. डावीकडे असा काही भार होता की उजवं अंग चार बोटं वर उचललं गेलं होतं. प्रवाहात येताच तिरपेराव म्हणाले, "साहेब, तुम्हीच धरून बघा ना. चालकाचं काय ऐकायचं?"

तपासणीसाहेबांना ते आवडलं. त्यांनी चाक धरलं. तिरपेराव हात मागं बांधून उभे राहिले आणि वाट पाहू लागले. लाँच सरळ चालली. सुतात. साहेबांनी एक हात काढला. मग दुसऱ्या हाताची तीन बोटं काढली.

"हलकं आहे की," ते म्हणाले.

"थोडं उजवीकडे वळवून बघा, साहेब," तिरपेराव म्हणाले.  उजवीकडे वळायचं म्हणजे लाँचच्या जिवावर येई. रोज ते काम त्यांच्या खांद्यातून जाई.

साहेबांनी चाक फिरवलं. मागं सरांनी नाक शिंकरल्यासारखा रुमाल काढला. पैलवान, मावशी, मावशींच्या बहिणी, यंत्रासकट शिंपी, सगळे जण पाण्यात काहीतरी पडलंय असं दाखवत डाव्या कठड्यावरून बाहेर वाकले. लाँच उजवीकडे वळली. अगदी लाडानं वळली.

पुठ्ठ्यावर पेन चाललं. रेडिओनं मागून तिरपेरावांना अंगठा दाखवला. त्या वेळी त्यांच्या मनात काय आलं असेल ते त्यांनाच माहीत. चाळीस माणसं जीव तोडून त्यांच्यासाठी झटत होती, आणि त्यातल्या एकालाही ओरडून सांगता येत नव्हतं, की बाबांनो, मला मारताय.

पलीकडचा धक्का जवळ आला. चाक अजून साहेबांच्याच हातात होतं. त्यांना गोडी लागली होती. आणि नेमकं त्याच वेळी, परीक्षा संपली असं समजून मावशी टोपली उचलायला उठल्या. त्या उठल्या म्हणून बहिणी उठल्या. पैलवान उठले आणि उतरायच्या घाईनं सगळे उजवीकडच्या शिडीपाशी सरकले.

लाँचनं एक आळस दिल्यासारखं केलं, उजवीकडे कलली आणि तिचं नाक सपकन डावीकडे गेलं. समोर धक्क्याचे जाड लाकडी खांब.

"अरे! ही ओढतेय!" तपासणीसाहेब ओरडले. दोन्ही हातांनी ते चाकाला लोंबकळले. चाक त्यांना जुमानेना.

हेच तर हवं होतं. तिरपेरावांना नुसतं उभं राहायचं होतं. दोन-तीन श्वास. लाँच खांबांवर जाईल, फळ्या फुटतील, कागदावर लाल अक्षरात 'नापास' येईल. त्यांनी एक श्वास घेतलाही. पण शिडीपाशी शिंपीणबाई यंत्र कवटाळून उभ्या होत्या, नर्सबाई कठड्याबाहेर पाय टाकून होत्या.

त्यांनी साहेबांना बाजूला सारलं. रेस कमी केली, इंजिन उलटं टाकलं. उलट्या पंख्यानं नाक उजवीकडे ओढलं, पाणी घुसळलं, आणि लाँच खांबांपासून वीतभर अंतरावरून फिरून धक्क्याच्या टायरांना अशी टेकली की मावशींच्या टोपलीतला एक पाव हलला नाही. उजव्या खांद्यात काहीतरी तटकन वाजलं. ते फक्त त्यांना ऐकू आलं.

धक्क्यावर टाळ्या पडल्या. तपासणीसाहेब घाम पुसत कितीतरी वेळ तिरपेरावांकडे बघत राहिले. "असं मी आजवर पाहिलं नाही," ते म्हणाले आणि लिहू लागले.

कागद दहा दिवसांनी आला. साहेबांनी तिरपेरावांना काचेआड बोलावून स्वतः वाचून दाखवला. लाँच एका बाजूला ओढते, हे लिहिलेलं होतं. पुढं असं होतं, की सध्याच्या चालकाचं कसब असाधारण असून लाँच त्याच्या हाती असेपर्यंत ती एका इंजिनावर चालवण्यास हरकत नाही. अन्य कुणाच्याही हाती देऊ नये.

"बघा!" साहेब म्हणाले. "कागदावर तुमचं नाव आलं. खरं नाव."

तिरपेरावांनी खिशातून दोन कागद काढले. एक डॉक्टरांचा, एक अर्ज. फाटकावर तिकिटं फाडायला बसवा, एवढीच विनंती.

साहेबांनी दोन्ही वाचले. पहिल्यांदाच त्यांच्या कपाळावर एक आठी आली. "अहो, पण हे आता माझ्या हातात नाही. तुम्ही उतरलात की दाखला रद्द. दाखला रद्द की लाँच बंद. पलीकडच्या सातशे माणसांनी जायचं कुठून? ती काय बोलतील तुम्हाला?"

"रजा?"

"रजा म्हणजे तेच ना."

"मग नवं इंजिन..."

"ते आता कशाला? पास झालो की आपण."

दुपारी रंगारी आला आणि लाँचच्या कपाळावर 'इंजिने: २' होतं तिथं दोनाचा एक केला. वर्कशॉपच्या माणसांनी रिकाम्या जागेवर कायमच्या फळ्या ठोकल्या. सांगाडा भंगारात गेल्याचं रेडिओनं सांगितलं, पण या वेळी तिखटमीठ न लावता. तिरपेरावांच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला ते सुचलं नसावं.

घरी बायकोनं विचारलं नाही. तिला रेडिओकडून आधीच कळलं होतं. तिनं त्यांच्या सदऱ्याची बटणं काढली, हात बाहीतून हलके सोडवला. मग म्हणाली, "जमलं नाही ना नापास व्हायला."

"नाही जमलं."

"वाटलंच होतं मला," ती म्हणाली आणि पाणी तापवायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

पुढच्या आठवड्यात दुपारच्या एका फेरीला बेकरीवाल्या मावशी एकट्याच होत्या, आणि उजवीकडे दोन शाळकरी मुली. नदीच्या मध्यावर तिरपेराव समोर बघतच म्हणाले, "मावशी, मला नापास व्हायचं होतं त्या दिवशी."

मावशी हसल्या. "काहीतरीच तुमचं!" मग त्यांनी पाहिलं, की तिरपेराव उजव्या हातानं चाक धरून नाहीत, हात चाकाला रुमालानं बांधलाय, आणि अंगाचा सगळा भार टाकून ते त्याला लोंबताहेत. मावशींचं हसू जागच्या जागी राहिलं.

"मग आधी सांगायचं नाही का भाऊ?"

"सांगितलं होतं. उजवीकडे बसा म्हटलं होतं."

 टोपलीतून पाव काढून द्यावा असं मावशींना वाटलं असावं, कारण हात टोपलीत गेला. पण तो तसाच राहिला. थोड्या वेळानं त्या बाकाच्या टोकाला, कठड्याला अगदी चिकटून सरकल्या, जितकं डावीकडे जाता येईल तितकं.

"काही हलकं वाटतं का?" त्यांनी विचारलं.

"वाटतं," तिरपेराव म्हणाले.

काठ आला. रेडिओनं दोर टाकला, मुली उतरल्या, मावशीही उतरल्या आणि धक्क्यावर मागं वळून उभ्या राहिल्या. तिरपेरावांनी दातानं रुमालाची गाठ सोडली. हात मोकळा झाला तरी बोटं चाकावरून निघेनात. त्यांनी डाव्या हातानं ती एकेक करून उघडली, अंगठा शेवटी. हात खाली आला आणि लटकत राहिला. परतीच्या फेरीला धक्क्यावर पाच माणसं उभी होती. काटकुळी.

"चला, बसा," तिरपेराव म्हणाले. "कुठंही बसा."